रोजच्या वापरातली ३५०झेड: क्लच संपलाय, फ्लायव्हील ड्युअल मास ठेवू की हलकं सिंगल टाकू?

तिसरा_गिअर

मंडळी जरा सल्ला हवाय. गाडी निसान ३५०झेड, जुनं डीई इंजिन, सहा गिअरची मॅन्युअल. इंजिनाला काहीही केलेलं नाही, एक एअर फिल्टर सोडला तर सगळं कंपनीचंच आहे. क्लच मूळचाच असं आधीचा मालक म्हणाला होता आणि आता तो गेल्यातच जमा आहे. पाचव्या-सहाव्या गिअरला कमी स्पीडवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की आरपीएमचा काटा वर पळतो आणि गाडी आहे तिथेच, चढावर हाफ क्लचवर थोडं थांबलं की जळका वास येतो, बाइट पॉइंट (जिथे क्लच पकडायला लागतो) पण पेडलच्या पार वरच्या टोकाला गेलाय. शिवाय इंजिन बंद करताना शेवटी खालून खडखड असा आवाज येतो, तो आधी नव्हता.

आता जितक्या लोकांना विचारलं तितकी उत्तरं. एक जण म्हणतो फक्त क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट टाक, फ्लायव्हील (इंजिनाच्या क्रँक शाफ्टला लावलेली जड चकती, क्लच तिच्यावरच बसतो) आहे तेच चालेल. दुसरा म्हणतो ड्युअल मास (मधे स्प्रिंगा असलेलं दोन चकत्यांचं फ्लायव्हील) फेकून दे, हलकं सिंगल मास (एकसंध) बसव आणि वर स्टेज ३ क्लच, गाडी उडेल म्हणे. तिसरा म्हणतो सगळं मूळचं बसव आणि गप्प बस. मी गाडी रोज ऑफिसला नेतो, बराचसा रस्ता ट्रॅफिकचा, सुट्टीला डोंगरातल्या वळणांवर मजा आणि वर्षाकाठी एखादा ट्रॅक डे. घरात बायकोही चालवते, तिला जड पेडल अजिबात नकोय. पुढे टर्बो वगैरे काही डोक्यात नाही. काय करू?

काळेहात

सगळ्यात आधी, ती सहाव्या गिअरवाली टेस्ट परत परत करू नकोस. क्लच घसरतोय हे एकदा कळलं ना, झालं. दरवेळी घसरला की प्लेट तापते, फ्लायव्हीलचा फेस (प्लेट घासते तो पृष्ठभाग) निळा पडतो, आणि आज वाचू शकणारं फ्लायव्हील उद्या भंगारात जातं.

आता इंजिन बंद करतानाचा खडखडाट. ड्युअल मासमध्ये दोन चकत्या असतात, एक क्रँकला बोल्ट केलेली, दुसरीवर क्लच बसतो, आणि मधे ग्रीसमध्ये वाकड्या लांब स्प्रिंगा. त्या स्प्रिंगा आणि दोन चकत्यांची मिळून एक स्वतःची कंपनसंख्या असते, ती मुद्दाम आयडलच्या खाली ठेवलेली असते म्हणजे गाडी चालू असताना तिचा त्रास होत नाही. पण चालू करताना आणि बंद करताना इंजिन त्या आरपीएममधून जातंच. स्प्रिंगा ढिल्या पडल्या की नेमकं त्याच वेळी ते वाजतं. तुझं वर्णन ऐकून मला तरी फ्लायव्हील दमलेलं वाटतंय. बघितल्याशिवाय शपथेवर सांगणार नाही, पण "फक्त प्लेट टाक" हा सल्ला तूर्त कानाआड कर.

गिअरबॉक्स खाली आला की हे तपास. दुसरी चकती हाताने डावी-उजवीकडे फिरवून बघ, थोडी फिरणं नॉर्मल आहे, किती चालतं त्याचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. पुढे-मागे डुलते का बघ. कडेने ग्रीस बाहेर उडालंय का, फेसवर निळे-जांभळे डाग किंवा बारीक तडे आहेत का. यातलं काहीही दिसलं तर नवीन. आणि कोणी म्हणालं "लेथवर फेस मारून देतो" तर नको म्हण. एकसंध फ्लायव्हीलला फेस मारणं ठीक, ड्युअल मासला बहुतेक बनवणारे परवानगीच देत नाहीत, आणि फेस मारला तरी आतल्या स्प्रिंगा काही नव्या होत नाहीत.

सौ_रेडलाइन

मी हलकं सिंगल मास टाकलेलीतली आहे, याच फॅमिलीच्या गाडीत, त्यामुळे दुसरी बाजू मांडते. मजा येते, खोटं कशाला बोलू. गिअर खाली टाकताना ॲक्सिलरेटरला नुसता टिचका दिला की आरपीएम चढतो, आणि वर टाकताना पटकन उतरतो. डोंगरातल्या रस्त्यावर हसू थांबत नाही.

पण बाकीचंही ऐका. न्यूट्रलला, क्लच सोडलेला असताना गिअरबॉक्समधून सतत खडखडखडखड. क्लच दाबला की एकदम शांत. पहिल्यांदा गाडीत बसलेला प्रत्येक माणूस विचारतो "काहीतरी तुटलंय का?" सिग्नलला काच खाली असेल तर बाजूच्या गाडीवाले पण वळून बघतात. एसी चालू असेल तर आवाज बदलतो, इंजिन गरम झालं की वाढतो. गिअरबॉक्सला जाड ऑइल टाकून थोडा कमी होतो पण मग थंडीत दुसरा गिअर कुरकुर करतो. गाडी हलवताना आरपीएम थोडा जास्त ठेवावा लागतो नाहीतर बंद पडते, म्हणजे रांगेत इंचाइंचाने सरकताना सतत लक्ष. मला चालतं. माझ्या नवऱ्याला नाही चालत, तो माझी गाडी घेतच नाही (हा फायदा की तोटा ते तुम्ही ठरवा).

आणि एक गोष्ट, सिंगल मास टाकलं तर क्लच प्लेट मधल्या हबला स्प्रिंगा असलेलीच घ्या. मूळच्या ड्युअल मास सेटमध्ये बऱ्याचदा प्लेट साधी असते कारण धक्के शोषायचं काम फ्लायव्हीलच करतं. ती साधी प्लेट सिंगल मासवर लावली तर सगळे झटके थेट गिअरबॉक्सला. म्हणजे आधी फ्लायव्हील ठरवायचं, मग प्लेट. लोक उलटं करतात.

निवांत_चालक

रोज ऑफिस, ट्रॅफिक, बायको पण चालवते, टर्बो नको. उत्तर प्रश्नातच आहे राव. मूळचं टाक आणि उरलेल्या पैशात चांगले टायर घे.

अर्धवट_इंजिनिअर

निवांतशी सहमत आहे पण "गाडी उडेल" यावर थोडं गणित मांडतो, कारण हा गैरसमज फार पसरलाय.

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनाची ताकद एका घोड्यानेही वाढत नाही. फक्त इंजिनाला स्वतःला फिरवायला कमी ताकद लागते, ती उरलेली चाकांना मिळते, आणि तीही वेग वाढत असतानाच. एका वेगाने चाललात की फरक शून्य. समजा फ्लायव्हीलमधून ५ किलो गेले आणि ते केंद्रापासून सरासरी १२ सेंटीमीटरवर होते, तर जडत्व कमी झालं ०.०७२ किलो मीटर वर्ग. गाडीच्या वजनाच्या भाषेत हे आणायचं तर गिअर आणि डिफरन्शियलचा एकूण रेशो घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याने गुणायचं आणि टायरच्या त्रिज्येच्या वर्गाने भागायचं. ३५०झेडचा पहिला गिअर ३.७९४ आणि फायनल ३.५३८ म्हणजे एकूण साधारण १३.४. टायरची त्रिज्या ३२ सेंटीमीटर धरली तर पहिल्या गिअरमध्ये जवळपास १२५ किलो कमी झाल्यासारखं वाटेल. ऐकायला भारी आहे ना? आता तिसऱ्यात बघा, तिथे उरतात २३ किलो. सहाव्यात साडेपाच. म्हणजे ओव्हरटेक करताना जो फरक पडेल त्यापेक्षा डिकीतलं सामान घरी ठेवलं तर जास्त पडेल.

तो १२५ चा आकडा पहिल्या गिअरमध्ये येतो आणि पहिला गिअर आपण वापरतो कुठे, तर ट्रॅफिकमध्ये, जिथे आपल्याला नेमकं जड फ्लायव्हील हवं असतं कारण क्लच सोडताना त्यातली साठलेली ऊर्जाच गाडी हलवायला मदत करते. फायदा आणि तोटा एकाच गिअरमध्ये येऊन बसलेत. सौ_रेडलाइन ताई म्हणतात ती मजा खरी आहे, ती गिअर बदलतानाची आहे, वेगाची नाही. त्या मजेसाठी घ्या, वेगासाठी घेऊ नका.

खडखडाटाचं कारण पण सांगतो. सहा सिलिंडर, चार स्ट्रोक म्हणजे एका फेऱ्यात तीन वेळा स्फोट. आयडल ७०० धरलं तर सेकंदाला ३५ झटके. क्रँक सरळ एकसारखा फिरत नाही, प्रत्येक झटक्याला पुढे उडी मारतो आणि मागे रेंगाळतो. गिअरच्या दातांमध्ये थोडी मोकळी जागा असतेच, लोड नसलेले गिअर त्या जागेत आपटत राहतात. ड्युअल मासच्या स्प्रिंगा ते झटके आधीच गिळतात. क्लच दाबला की इनपुट शाफ्टच थांबतो म्हणून आवाज बंद. उलट क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर मात्र रिलीज बेअरिंगकडे (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) बघा, ते वेगळं दुखणं.

तिसरा_गिअर

बापरे, गाडी सव्वाशे किलो हलकी होणार म्हणून मी खूश झालो होतो, पुढचं वाचलं आणि उतरलो.

बरं मग क्लचचं काय? स्टेज १, २, ३ म्हणजे नेमकं काय असतं? आणि स्टेज २ घेऊन ठेवला तर जास्त टिकेल ना, जास्त मजबूत म्हणजे जास्त आयुष्य असं माझं साधं लॉजिक.

अर्धवट_इंजिनिअर

स्टेज हा शब्द प्रत्येक कंपनीचा आपापला आहे, त्याला कुठलंही प्रमाण नाही. एकाचा स्टेज १ दुसऱ्याच्या स्टेज २ पेक्षा जोरदार असू शकतो. विचारायचं ते तीनच: किती न्यूटन मीटर पकडतो, मटेरियल कोणतं, हबला स्प्रिंगा आहेत की नाही.

क्लच किती टॉर्क पकडतो त्याचा हिशोब अगदी सरळ आहे. प्रेशर प्लेटचा दाब गुणिले घर्षणाचा गुणांक गुणिले सरासरी त्रिज्या गुणिले दोन, कारण एका प्लेटला दोन बाजू. समजा २५० मिलिमीटरची प्लेट, सरासरी त्रिज्या साधारण १०२ मिलिमीटर, दाब ८००० न्यूटन, ऑर्गॅनिक मटेरियलचा गुणांक ०.३, तर होतात ४९० न्यूटन मीटर. तुझं इंजिन देतं ३७० च्या आसपास. म्हणजे सव्वापटीपेक्षा जास्त मार्जिन, आणि रस्त्यावरच्या गाडीला साधारण सव्वा ते दीडपट ठेवतातच. (८००० हा मी धरलेला आकडा आहे, तुझ्या प्रेशर प्लेटचा खरा दाब बनवणाऱ्याकडून घे.)

आता ही क्षमता वाढवायची तर काय करणार? दाब वाढवला तर पेडल जड. आणि नुसता पायाला त्रास नाही, पेडल दाबलं की क्लच सोडवायला लागणारा जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकला पुढे ढकलतो, तो झेलतो क्रँकचा थ्रस्ट बेअरिंग (क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारा). फार कडक प्रेशर प्लेट आणि सिग्नलला क्लच दाबून उभं राहायची सवय, ही जोडी इंजिनाला महागात पडते. गुणांक वाढवला म्हणजे सिरॅमिक किंवा सिंटर्ड मेटलचे तुकडे लावलेली प्लेट, तर ती पकडते जोरात पण मधलं काही नाही, एकतर सुटलेली नाहीतर पकडलेली. हाफ क्लच विसरा, पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना गाडी बेडकासारखी जाते. तिसरा मार्ग दोन प्लेटचा क्लच, घर्षणाच्या बाजू चार होतात, त्याच दाबात क्षमता दुप्पट, पेडल हलकं राहू शकतं, पण बरेच सेट न्यूट्रलला वाजतात आणि तुझ्या गाडीला त्याची गरज शून्य.

जास्त मजबूत म्हणजे जास्त टिकाऊ, हे फक्त तेव्हाच खरं जेव्हा मूळचा क्लच घसरून मरत असतो. ट्रॅफिकमध्ये क्लच मरतो तो इंजिनाच्या टॉर्कने नाही, रोजच्या हाफ क्लचने. तिथे ऑर्गॅनिक प्लेट हळू सोडता येते, थोडी तापली तरी थंड झाल्यावर बहुतेक वेळा सावरते. केव्हलरवाली छान टिकते पण तिला रुळायला जास्त वेळ लागतो आणि एकदा भाजून काच झाली की पकड परत येत नाही असा अनुभव बरेच जण सांगतात.

काळेहात

वरचं गणित बरोबर आहे. मी कामाचं बोलतो.

सामानात मूळचा पुरवठादार कोण ते बघ. एक्सेडी, ल्यूक, साक्स, व्हालिओ ही मंडळी गाडीच्या कारखान्यांनाच क्लच पुरवतात, आपापल्या खोक्यातही विकतात. वस्तू बऱ्याचदा तीच, खोकं वेगळं. नकली मालही भरपूर फिरतो, त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका.

हलकंच घ्यायचं कोणाच्या मनात असेल तर फोर्ज केलेलं स्टीलचं घ्या किंवा ॲल्युमिनियमचं, ज्याला घासणारा फेस स्टीलचा वेगळा बसवलेला असतो. त्यावर एसएफआय १.१ चा (रेसिंगच्या सामानाचं सुरक्षा मानक) शिक्का आहे का बघा. मूळचं ओतीव लोखंडाचं फ्लायव्हील लेथवर कोरून हलकं करून देणारे लोक आहेत, त्यांच्यापासून चार हात लांब. ६६०० आरपीएमला १४ सेंटीमीटरवरच्या प्रत्येक ग्रॅमवर जवळजवळ ६ किलो ८०० ग्रॅमचा ओढा असतो. ते फुटलं तर बेलहाउसिंग फाडून बाहेर येतं, आणि ते तुझ्या पायाजवळच आहे.

अजून एक, इंजिनाचा मिसफायर ओळखायचा प्रोग्राम क्रँकचा वेग किती कमी-जास्त होतो त्यावर चालतो. फ्लायव्हील हलकं झालं की तो चढउतार वाढतो, काही गाड्यांमध्ये मग उगाच चेक इंजिनचा दिवा लागतो. काहींमध्ये क्रँक सेन्सर वाचतो ते दात फ्लायव्हीलवरच असतात, चुकीचं फ्लायव्हील आलं तर गाडी चालूच होणार नाही. पार्ट नंबर इंजिन नंबरवरून जुळवून घे. तुझ्याच मॉडेलचं नंतरचं एचआर इंजिन आलं त्याची व्यवस्था वेगळी आहे, डीईचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडून आलेल्या फ्लुइडच्या दाबाने क्लच सोडवणारा) गिअरबॉक्सच्या बाहेर बसतो, एचआरचा आत. ऑर्डर देताना नुसतं "३५०झेडचा क्लच" म्हणालास तर भलतंच खोकं घरी येईल.

बसवताना जे लोक वाचवतात आणि मग परत गिअरबॉक्स उतरवतात त्या गोष्टी: रिलीज बेअरिंग, पायलट बेअरिंग (इनपुट शाफ्टचं टोक तोलणारं), क्रँकचा मागचा ऑइल सील. सील थोडाही पाझरत असेल तर आत्ताच बदल, नव्या प्लेटला तेल लागलं की ती गेली, पुसून काही होत नाही. फ्लायव्हीलचे बोल्ट नवीन, सगळे, कारण ते बऱ्याच गाड्यांत एकदाच ताणायचे असतात. फोर्कचा पिव्होट आणि त्याची क्लिप बघ. स्प्लाइनला (इनपुट शाफ्टवरच्या खाचांना) ग्रीस म्हणजे नखाएवढं, बोट भरून नाही, जास्त झालं की फिरताना उडून प्लेटवर जातं. नवीन फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेटवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसायचा, हे न करणारे फिटर मी पाहिलेत. प्लेटवर कुठली बाजू फ्लायव्हीलकडे ते लिहिलेलं असतं, वाचायचं. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळायचे. आणि गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन इनपुट शाफ्टवर लटकू द्यायचं नाही, हब वाकतो आणि मग नवीन क्लच पूर्ण सुटत नाही, रिव्हर्स टाकताना कचकच करतो, आणि सगळे कंपनीला शिव्या घालतात.

क्लचचं फ्लुइड पण बदलून टाक, मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच. स्लेव्ह बाहेर आहे म्हणून नंतरही बदलता येईल, पण रबर बूट उचलून ओलं आहे का तेवढं बघ.

तिसरा_गिअर

ठरलं. नवीन ड्युअल मास, मूळ दर्जाचा ऑर्गॅनिक क्लच, बेअरिंग, सील, बोल्ट सगळं एकदमच. बायकोला सांगितलं तर तिने फक्त एकच विचारलं, "पेडल जड होणार नाही ना?" नाही म्हटलं.

सौ_रेडलाइन ताई, तुमच्या गाडीत एकदा बसायचंय मात्र.

बसवल्यावर रुळवायचं कसं? काही लोक म्हणतात लगेच चालव, काही म्हणतात हजार किमी हळू.

सौ_रेडलाइन

या की, कानात बोळे घालून या!

रुळवायचं म्हणजे किमी नुसते मोजायचे नाहीत, क्लच किती वेळा सोडला ते महत्त्वाचं. हायवेवर सहाव्यात शेकडो किमी मारले तर प्लेटला काहीच कळत नाही. बहुतेक बनवणारे ५०० ते ८०० किमी शहरातलं थांबत-चालत ड्रायव्हिंग सांगतात, तुमच्या सेटच्या कागदावर काय आहे ते पाळा. तोपर्यंत जोरात सुटणं नाही, वरच्या गिअरला पूर्ण ॲक्सिलरेटर नाही, चढावर हाफ क्लचवर तोलून धरणं नाही, हँडब्रेक वापरा. पहिले काही दिवस थोडा वास आला किंवा पहिल्याला किंचित थरथर झाली तर घाबरू नका. महिनाभराने पण थरथरत असेल तर मात्र तेल किंवा बसवण्यातली गडबड.

ऑफिसचा ट्रॅफिक इथे कामी येईल बघा.

निवांत_चालक

ट्रॅक डे रुळवल्यानंतर ठेव. आणि ड्युअल मासवर पाचव्या-सहाव्यात १२०० आरपीएमला ॲक्सिलरेटर ठोकायची सवय असेल तर सोड, त्या स्प्रिंगांना सगळ्यात जास्त मार तिथेच बसतो. एक गिअर खाली घे, गाडी स्पोर्ट्स आहे ना तुझी.

काळेहात

हे शंभर टक्के. आणि जुनं फ्लायव्हील उतरलं की फेकायच्या आधी इथे फोटो टाक, फेसचा आणि मागच्या बाजूचा. निळं पडलंय की ग्रीस सुटलंय ते बघू.